सानविवि ते एफ-थ्री

सा. न. वि. वि. म्हणजे काय, असं ऑफिसातल्या एखाद्या फ्रेशरला विचारून बघा. बहुतेक कुठल्या तरी इंजिनीअरिंग कॉलेजचा शॉर्टफॉर्म असेल, असं उत्तर येईल. तर मंडळी, ते आहे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’! पोस्टकार्डावर जागा मोजकी आणि सांगायचं भरपूर, म्हणून आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने हा मस्त फंडा वापरला होता. मोठ्यांना ‘ती. स्व.’, धाकट्यांना ‘चि.’ आणि ‘अ. उ. आ.’, म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. सही केल्यावर काही आठवलंच, तर ‘ता. क.’ आहेच. लिहिणारा चार अक्षरं लिहायचा आणि वाचणारा मनातल्या मनात पूर्ण वाक्य वाचायचा.

आता हेच उलटं करता येतं. अक्षरं तुम्ही चारच टाइप करायची, पण समोरच्याला दिसतं ते पूर्ण, शुद्ध, नीटनेटकं वाक्य. मधला शॉर्टफॉर्म हे फक्त तुमचं आणि तुमच्या कॉम्प्युटरचं सिक्रेट! यासाठी नवीन सॉफ्टवेअर नको की महिन्याचं सबस्क्रिप्शन नको. रोज उघडता त्या वर्डमध्येच ही सोय आहे आणि ती तीसहून जास्त वर्षं तिथे पडून आहे. आपण मात्र तिला ओळखतो ते फक्त वैताग म्हणून. ऑटोकरेक्ट म्हटलं की आपल्याला आठवतं ते कंसात सी टाइप केल्यावर न विचारता उमटणारं कॉपीराइटचं चिन्ह. करारातली ए, बी, सी अशी कलमं टाइप करणाऱ्या कुठल्याही ज्युनिअर वकिलाला विचारा, शिव्याच ऐकायला मिळतील. (उपाय सोपा आहे. लगेच कंट्रोल-झेड दाबा, चिन्ह जातं आणि कंसातलं अक्षर परत येतं. कायमचं नको असेल, तर यादीतली ती ओळच उडवा.)

हे ऑटोकरेक्ट आलं कुठून? मायक्रोसॉफ्टमध्ये डीन हॅकामोविच नावाचा एक इंजिनीअर होता. त्या काळच्या वर्डमध्ये ‘ग्लॉसरी’ नावाची सोय होती. ठरावीक शब्द टाइप करायचा, एफ-थ्री बटण दाबायचं, की साठवून ठेवलेला मजकूर हजर. हॅकामोविचच्या डोक्यात आलं, की इंग्रजीत ‘द’ टाइप करताना घाईत टी-ई-एच होतं, ते याच पद्धतीने सुधारता येईल. पण त्यासाठी एफ-थ्री दाबायला कोण थांबणार? मग त्याला क्लिक झालं, की प्रत्येक शब्दानंतर माणूस एक बटण दाबतोच दाबतो... स्पेसबार! त्यालाच कामाला लावलं. १९९३ साली वर्ड ६.० मध्ये ऑटोकरेक्ट आलं. म्हणजे मुळात कल्पना होती शॉर्टकटची आणि चुका सुधारणं हे तिचं पोटचं पोर. आपण पोराला ओळखतो आणि आईला विसरलोय.

तर आधी सेटिंग. विंडोजवरच्या वर्डमध्ये फाइल, मग ऑप्शन्स, मग प्रूफिंग, मग ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. मॅकवर टूल्स मेनूत बघा. समोर दोन चौकोन येतील. डावीकडे तुमचा शॉर्टफॉर्म, उजवीकडे पूर्ण मजकूर. अॅड दाबा, ओके दाबा, झालं. शॉर्टफॉर्म ३१ अक्षरांपर्यंत चालतो (एवढा मोठा शॉर्टफॉर्म कोण करतं, देव जाणे) आणि मजकूर २५५ अक्षरांपर्यंत. अक्षरं म्हणजे इथे काना-मात्रा-वेलांट्यासुद्धा वेगळ्या मोजल्या जातात, हे लक्षात ठेवा.

आता खरंच किती वेळ वाचतो? जाहिरातीसारखे आकडे फेकण्यापेक्षा आपणच हिशेब करू. ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ हे नाव मराठीत टाइप करायला, मधल्या जागा धरून, ३१ बटणं दाबावी लागतात. त्याचा शॉर्टफॉर्म ‘सपपव’ केला तर चार. (‘सफपव’ का नाही? इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘फ’ला शिफ्ट दाबावं लागतं. आळसच करायचा तर नीट करा!) म्हणजे एका वेळी २७ बटणं वाचली. दिवसात वीसदा हे नाव आलं तर ५४०. मिनिटाला ३० शब्दांचा स्पीड म्हणजे साधारण १५० बटणं. म्हणजे दिवसाकाठी वाचली साडेतीन-पावणेचार मिनिटं.

बस्स? एवढ्यासाठी एवढा खटाटोप?

हो, कारण मुद्दा मिनिटांचा नाहीच. तुम्ही एक वाक्य मनात जुळवत असता. सुरुवात सापडलेली असते, शेवट डोळ्यांपुढे असतो. मध्येच ते लांबलचक नाव येतं. ‘त्री’ जोडायचा, ‘द्य’ जोडायचा, ‘ठ’ शोधायचा... आणि तेवढ्यात शेवट निसटतो. मग चहा, मग मोबाइल, मग वीस मिनिटं गेली कुठे ते कळत नाही. शॉर्टफॉर्मने बोटांपेक्षा डोक्याचं काम वाचतं. दुसरं म्हणजे ते नाव दर वेळी सारखंच आणि बिनचूक येतं. पहिल्या पानावर एक आणि सातव्या पानावर दुसरंच, असं होत नाही. आम्हा फ्रीलान्सर मंडळींना तर एक बोनसही आहे. मानधन शब्दांवर मिळतं, तिथे चार बटणांत चार शब्द म्हणजे काय रेट पडला बघा!

पण थांबा. मराठीत एक घोळ आहे. वर्डचे फंडे सांगणारे बहुतेक लेख इंग्रजी टायपिंग डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात आणि इंग्रजीला ही अडचणच नाही. इंग्रजीत नाव जसंच्या तसं राहतं, पुढे-मागे शब्द लागतात. आपल्याकडे शब्दालाच शेपूट लागतं. ‘पुणे महानगरपालिका’ असं सुटं नाव बातमीत किंवा अर्जात कितीदा येतं? येतं ते महानगरपालिकेने, महानगरपालिकेला, महानगरपालिकेच्या! ‘पमप’चं ‘पुणे महानगरपालिका’ होईल, पण ‘पमपने’ टाइप केलंत तर वर्ड ढिम्म हलणार नाही. त्याला हवा तंतोतंत तोच शब्द. आणि समजा त्याने पूर्ण केलंही असतं, तरी ‘महानगरपालिकाने’ वाचून मराठीच्या बाईंनी कान धरला असता. ‘का’चा ‘के’ कोण करणार? शाळेत रटाळ वाटलेलं सामान्यरूप असं नोकरीत येऊन भेटतं.

यावर माझा तोडगा म्हणजे स्पेसबारवाल्या पोराला बाजूला ठेवायचं आणि एफ-थ्रीवाल्या आईला बोलवायचं. वर्डमध्ये ती सोय अजून आहे. ‘पुणे महानगरपालिके’ एवढंच, शेपूट न लावता टाइप करा. सिलेक्ट करा. ऑल्ट आणि एफ-थ्री एकदम दाबा. नाव विचारणारी खिडकी येईल, तिथे ‘पमप’ द्या. आता मजकुरात ‘पमप’ टाइप करून एफ-थ्री दाबलं की ‘पुणे महानगरपालिके’ उमटतं आणि कर्सर शब्दाला चिकटूनच उभा राहतो, मध्ये जागा पडत नाही. पुढे ‘ने’ लावा, ‘ला’ लावा, ‘च्या’ लावा, ‘कडून’ लावा. एकच शॉर्टफॉर्म, सगळ्या विभक्त्या! काही लॅपटॉपवर एफ-थ्री दाबलं की आवाज कमी-जास्त होतो, तिथे सोबत एफ-एन दाबा. लिबरऑफिस वापरत असाल तर तिथेही ऑटोटेक्स्ट नावाने हेच आहे, आणि तिथेही बटण एफ-थ्रीच. शिवाय या पद्धतीत २५५ अक्षरांची अट नाही. अख्खा परिच्छेद, टेबल, लेटरहेड, काहीही ठेवा.

दुसरी एक गोष्ट सांगितली नाही तर अनेक जण पहिल्याच दिवशी वैतागून सोडून देतील. ऑटोकरेक्टची यादी प्रत्येक भाषेची वेगळी असते. कीबोर्ड इंग्रजीवर असताना ओळ भरलीत आणि मग मराठीत टाइप करायला बसलात, तर काहीच होणार नाही. खिडकीच्या वर ऑटोकरेक्ट या शब्दापुढे भाषेचं नाव असतं, ते आधी बघा. तिथे मराठी दिसलं पाहिजे.

आणि हो, कुणाच्या ऑफिसात अजून युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट वापरात असतील, तर तिथे ऑटोकरेक्टच्या वाटेला न जाणंच बरं. ते फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेला मराठी मुखवटा. तुम्हाला स्क्रीनवर मराठी दिसतं, वर्डला मात्र एबीसीडीच दिसते. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करायची वर्डला खोड. इंग्रजीत ठीक आहे, पण त्या फॉन्टमध्ये स्मॉल अक्षराच्या जागी एक खूण आणि कॅपिटलच्या जागी दुसरीच. म्हणजे तुम्ही टाइप केलं एक आणि पानावर उमटलं भलतंच. डीटीपीवाली जुनीजाणती मंडळी नवीन मशीन आलं की सगळ्यात आधी ऑटोकरेक्ट बंद करायची, ते उगाच नाही.

युनिकोडमध्ये मात्र हेच हत्यार शुद्धलेखनासाठी जाम कामाचं आहे. आपल्या प्रत्येकाच्या दहा-बारा ठरलेल्या चुका असतात. कुणाचा ‘आणि’ कायम दीर्घ, कुणी ‘परंतु’ची शेपटी वाढवतं. ‘आशिर्वाद’, ‘क्रिडा’, ‘जेष्ठ’, ‘तज्ञ’ हे तर लग्नपत्रिकांपासून फ्लेक्सपर्यंत सगळीकडे. डावीकडच्या चौकोनात चुकीचा शब्द टाका, उजवीकडे बरोबर टाका... आशीर्वाद, क्रीडा, ज्येष्ठ, तज्ज्ञ. पुन्हा त्या शब्दाचा विचारच करायचा नाही. फक्त एक पथ्य पाळा. जिथे ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही शब्द खरे असतात, तिथे हात लावू नका. ‘दिन’चा ‘दीन’ करून ठेवलात, तर महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छांचं काय होईल याची कल्पना करा.

शॉर्टफॉर्म निवडतानाही हेच. जो खरा शब्द आहे, तो शॉर्टफॉर्म नको. ‘महाराष्ट्र राज्य’साठी ‘मरा’ किती सुटसुटीत वाटतो! पण मग कथेतल्या आजी चिडून ‘मरा तिकडे’ म्हणतील आणि पानावर येईल ‘महाराष्ट्र राज्य तिकडे’. मात्रा न लावलेली, एरवी कधीच शेजारी येणार नाहीत अशी तीन-चार अक्षरं घ्या. काही जण शॉर्टफॉर्मच्या आधी एखादं चिन्ह लावतात, तेही चालतं.

आणि दोन शॉर्टफॉर्म एकमेकांचे जुळे भाऊ नकोत. माझी एक मैत्रीण प्रॉपर्टीच्या दस्तांचं काम करते. मराठी दस्तात विकणारा असतो ‘लिहून देणार’ आणि विकत घेणारा ‘लिहून घेणार’. तिने शॉर्टफॉर्म केले ‘लद’ आणि ‘लघ’. एका अक्षराचा फरक! एका मसुद्यात हे दोघे तीन ठिकाणी अदलाबदल झाले. म्हणजे पैसे देणार तोच आणि घराचा ताबाही देणार तोच. सिनिअरने वाचताना पकडलं, नाहीतर रजिस्ट्रेशनच्या टेबलावर कुणाचा तरी फ्लॅट आणि कुणाचं तरी होमलोन लटकलं असतं. स्पेलिंगची चूक डोळ्याला टोचते. ही टोचत नाही, कारण प्रत्येक शब्द शुद्ध, प्रत्येक वाक्य व्याकरणात चोख, फक्त माणूस चुकीचा. आता तिचे शॉर्टफॉर्म आहेत ‘लदद’ आणि ‘घघघ’. दिसायला भयानक, पण चुकायला अवघड.

अशीच आणखी एक न टोचणारी चूक म्हणजे शिळी नावं. पुणे विद्यापीठाचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं २०१४ मध्ये. सीएसटीच्या नावात ‘महाराज’ आलं २०१७ मध्ये. ज्यांच्या यादीत ही नावं होती, त्यांना एक ओळ बदलली की काम झालं, शॉर्टफॉर्म तोच राहिला. पण बदलायचं राहिलं, तर मशीन बिचारं वर्षानुवर्षं इमानदारीत जुनंच नाव छापत राहणार. बदली झालेल्या साहेबांचं नाव, जुना पिनकोड, कंपनीचा आधीचा पत्ता, सगळ्याचं तेच. सहा महिन्यांतून एकदा यादीवरून नजर फिरवा. कपाट आवरतो तसं.

बरं, यादीत काय टाकायचं? माझं सरळ मत आहे, जे लिहिताना विचार करावा लागत नाही ते. संस्थांची नावं, पत्ते, हुद्दे, ‘सोबत जोडलेल्या कागदपत्रांनुसार’ छापाची सरकारी शेपटं. सोसायटीचं सेक्रेटरीपद गळ्यात पडलं असेल, तर ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ आजच टाका, दुवा द्याल. अशा वीस ओळी भरल्या की मराठीत अर्ज लिहायचा कंटाळा निम्मा होतो. आपल्यातले कितीतरी जण बोलतात अस्खलित मराठी आणि नगरसेवकाला तक्रारही करतात इंग्रजीत, का, तर ‘मराठी टाइप करायला वेळ लागतो यार!’ खरंय, लागतो. पण तो वेळ बहुतांशी अशा अगडबंब शब्दांत जातो, तुमच्या तक्रारीत नाही. ‘आमच्या गल्लीत चार दिवस पाणी नाही’ हे टाइप करायला कितीसा वेळ लागतो?

काय टाकायचं नाही? जे लिहिताना विचार करायलाच हवा ते. एचआरमधल्या एका मित्राकडे ‘नकार’ नावाची नोंद आहे. एफ-थ्री दाबलं की इंटरव्ह्यूला आलेल्या उमेदवाराला नम्र नकार, दोन परिच्छेद, ‘भावी वाटचालीस शुभेच्छा’सकट. दिवसाला तीस मेल पाठवायचे, त्याला दोष देत नाही मी. पण तीन राउंड देऊन, शेवटच्या राउंडसाठी नागपूरहून रात्रीच्या गाडीने आलेल्या मुलीलाही तेच दोन परिच्छेद? तिला कशामुळे नाही घेतलं, ही एक ओळ हाताने लिहायला हवी. तो म्हणतो, वेळ नाही. मी म्हणते, बाकीच्या एकोणतीस मेलमध्ये शॉर्टकटने वाचवलास तो वेळ कशासाठी होता मग? आमचं यावर अजून भांडण चालू आहे. श्रद्धांजलीचंही तेच. ‘भावपूर्ण’ शब्द तीन बटणांत येत असेल, तर त्यातला भाव गेला कुठे? ग्रुपवर एकाखाली एक तेच दोन शब्द आणि जोडलेले हात... ज्याचे बाबा गेलेत तो हे सगळं वाचतो, एवढं लक्षात ठेवा.

वर्डबाहेरही ही सोय आहे. गूगल डॉक्समध्ये टूल्स, मग प्रेफरन्सेस, तिथे सब्स्टिट्यूशन्स. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, टेक्स्ट रिप्लेसमेंट. अँड्रॉइडवर जीबोर्ड असेल तर त्याच्या पर्सनल डिक्शनरीत शॉर्टफॉर्म देता येतो. तिथे मजकूर आपोआप येत नाही, वरच्या पट्टीत दिसतो आणि त्यावर टॅप करायचं. फोनवर मला तरी हेच जास्त सेफ वाटतं. घरचा पूर्ण पत्ता फोनमध्ये टाकून ठेवा. रोज कुरिअरवाल्याला ‘गणपती मंदिराच्या मागची लेन’ टाइप करणं तरी सुटेल. पासवर्ड, पॅन नंबर, बँकेचा खाते नंबर मात्र चुकूनही नको. तुमच्या मशीनवर दुसरं कुणी बसलं आणि चुकून तीच तीन अक्षरं टाइप झाली, तर ते समोर हजर होईल.

शेवटचं, जॉब बदलणाऱ्यांसाठी. साध्या मजकुराच्या ऑटोकरेक्ट नोंदी तुमच्या मशीनवर एसीएल नावाच्या फायलीत असतात. फॉरमॅटिंगसकट साठवलेल्या नोंदी आणि एफ-थ्रीवाल्या नोंदी वर्डच्या टेम्प्लेट फायलींमध्ये असतात. तुमच्या डॉक्युमेंटच्या फोल्डरमध्ये यातलं काहीच नसतं. त्यामुळे शेवटच्या दिवशी आपण फायली कॉपी करतो, फोटो कॉपी करतो, लॅपटॉप आयटीवाल्यांकडे देतो आणि दोन-तीन वर्षं जमवलेली यादी त्यांच्या फॉरमॅटमध्ये साफ होते. नव्या ऑफिसात ‘सपपव’ टाइप करून तुम्ही वाट बघत बसता आणि स्क्रीनवर नुसतं ‘सपपव’. म्हणून एका साध्या फायलीत दोन रकाने करा, शॉर्टफॉर्म आणि मजकूर, आणि ती स्वतःला मेल करून ठेवा. अर्थात त्यात कंपनीची क्लायंट लिस्ट नको, तेवढं फक्त बघा. नवीन मशीनवर वीस ओळी भरायला अर्धा तास पुरतो. इंडक्शनच्या पहिल्या दिवशी तसंही दुसरं काय काम असतं?